बारा मुलांचे गुण वाढले

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. सातवीच्या वर्गात ४६ मुले. ऑगस्टच्या घटक चाचणीत गणितात सर्वांत कमी गुण पडलेली १२ मुले मुख्याध्यापक गुरुजींनी वेगळी काढली आणि परिपाठ झाल्यावर रोज वीस मिनिटे त्यांचा एकाग्रतेचा वर्ग घ्यायला सुरुवात केली. ताठ बसायचे, श्वास मोजायचे, समईच्या ज्योतीकडे पाहायचे, मग डोळे मिटून शांत राहायचे. सहा आठवडे गुरुजींनी एकही दिवस चुकवला नाही. पुढच्या चाचणीत १२ पैकी १० मुलांचे गुण वाढले. २० पैकी ५ ही त्यांची सरासरी होती, ती ८ वर गेली.

मी साताऱ्यात बी.ए.च्या मुलांना मानसशास्त्र शिकवतो. माझी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी त्याच गावची, त्याच शाळेत शिकलेली. तिने प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. फाईल सुबक होती. पहिल्या पानावर ‘एकाग्रता वर्गाचा गणितातील संपादणुकीवर होणारा परिणाम’ असे शीर्षक, आत १२ मुलांचा तक्ता, स्तंभालेख आणि शेवटी एका ओळीचा निष्कर्ष: वर्गामुळे मुलांचे गुण वाढले. गुरुजी हा निष्कर्ष शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणार होते. सगळ्या शाळेसाठी वर्ग सुरू करायचा, सतरंज्या घ्यायच्या, त्यासाठी गावातून वर्गणी काढायची असे ठरत आले होते.

या मुलीला पहिल्या वर्षी संशोधन पद्धतींच्या प्रकरणात उत्तम गुण होते. निरीक्षण, सर्वेक्षण, सहसंबंध, प्रयोग; स्वतंत्र चल, अवलंबी चल; प्रायोगिक गट, नियंत्रित गट. सगळ्या व्याख्या तिला तोंडपाठ होत्या. तरी फाईलमध्ये नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठी वर्ग न घेतलेला दुसरा गट, नव्हताच. हे प्रकरण आपण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत घाईने उरकतो, म्हणून असे होते असे मला वाटते. पोरांना नियंत्रित गटाची व्याख्या येते, पण त्याची गरज त्यांना कधी भासलेलीच नसते.

मी तिला एवढेच विचारले, “उरलेल्या ३४ जणांचं काय झालं?”

ती म्हणाली, “त्यांचा वर्गच नव्हता, सर.”

“म्हणूनच विचारतोय.”

पुढच्या सोमवारी ती दोन्ही चाचण्यांच्या गुणांची पूर्ण यादी घेऊन आली. पहिल्या चाचणीच्या गुणांप्रमाणे आम्ही ४६ जणांची उतरती क्रमवारी लावली आणि प्रत्येकासमोर दुसऱ्या चाचणीचे गुण लिहिले. तळाच्या १२ पैकी १० वर गेले होते, हे तिला माहीत होतेच. मधली मुले थोडी इकडे, थोडी तिकडे. आणि वरच्या १२ पैकी ९ जणांचे गुण उतरले होते. ती यादीकडे बघत राहिली. “वरच्यांनी तर काहीच केलं नव्हतं, सर. मग ती खाली का आली?”

तिने गुरुजींना फोन लावला. त्यांच्याकडे उत्तर तयार होते: “अगं, त्यांना मी परिपाठाला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. डोक्यात हवा गेली की पोरं सैल पडतात. माझी पस्तीस वर्षं नोकरी झाली, हे ठरलेलं आहे.”

या वाक्यावर मी तिला थांबवून घेतले. अख्ख्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच वाक्य, आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सापशिडीचे फासे घेऊन मी वर्गात गेलो. वर्गात ४० मुले-मुली. प्रत्येकाने दोन फासे टेबलावरच्या स्टीलच्या ताटात टाकायचे आणि बेरीज फळ्यावर लिहायची. ताटाचा आवाज शेजारच्या वर्गात जात होता. सगळ्यांची दाने पडून झाली, तेव्हा ज्यांची बेरीज ५ किंवा त्याहून कमी होती त्यांना मी उभे केले. अकरा जण उभे राहिले. त्यांना डोळे मिटायला सांगितले, तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावला आणि पुन्हा फासे टाकायला सांगितले. अकरापैकी आठ जणांचे दान वाढले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “श्वासाने दान कसं वाढेल, सर?” मला हाच प्रश्न हवा होता.

दोन फाशांची ३६ प्रकारची दाने पडू शकतात. त्यांपैकी १० प्रकारांत बेरीज ५ किंवा कमी येते आणि या दहांची सरासरी बरोबर ४ भरते. सगळ्या ३६ दानांची सरासरी मात्र ७. म्हणजे कमी दान पडलेल्यांना वेगळे काढून पुन्हा टाकायला लावले, तर त्यांची सरासरी ४ वरून ७ च्या आसपास जाणारच. श्वास घ्या, पाणी प्या, नाहीतर नुसते उभे राहा. ज्यांना ११ किंवा १२ पडले होते, त्यांनाही मी पुन्हा टाकायला लावले. त्यांची दाने खाली आली. त्यांच्या डोक्यात हवा जाण्याचा प्रश्न नव्हता.

चाचणीचे गुण म्हणजे फासे नव्हेत. मुलाची तयारी खरी असते आणि ती दोन्ही चाचण्यांत बऱ्याच अंशी तीच असते. पण प्रत्येक चाचणीत त्या दिवसाचे थोडे दानही मिसळलेले असते. ऑगस्टमधली चाचणी होती तेव्हा गावात हरिनाम सप्ताह चालू होता, आदल्या रात्री बरीच मुले कीर्तनाला जागली होती. एकाचे डोळे आले होते. एकीने घरी सोडवलेली अपूर्णांकांची उदाहरणे सोडून नेमकी दुसरीच आली. अशी मुले त्या दिवशी तळाला गेली. तळाच्या १२ जणांत खरोखर कच्ची मुले होती, तशी त्या दिवशी दान उलटे पडलेलीही होती. पुढच्या चाचणीला डोळे बरे झाले, झोप पुरी झाली आणि गुण वाढले. वरच्या १२ जणांत त्या दिवशी दान सरळ पडलेली काही मुले होती, ती परत आपल्या जागी आली.

याला सरासरीकडे परतणे म्हणतात. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या मोजमापांवरून हे दाखवले: फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण बहुधा त्यांच्याइतकी नाही, फार बुटक्यांचीही तीच गोष्ट, उलट बाजूने. मुलांच्या गुणांना, खेळाडूंच्या धावांना, रुग्णाच्या रक्तदाबालाही हे लागू पडते. जिथे टोकाची माणसे निवडून दुसऱ्यांदा मोजता, तिथे ती मधे सरकलेली दिसतात.

आता गुरुजींच्या वाक्याकडे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगले शिकतो, असे त्यांनी सांगितल्यावर एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, की मी उत्तम कसरतीबद्दल शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते आणि वाईट कसरतीवर ओरडलो की पुढची सुधारते, तेव्हा आम्हाला हे सांगू नका. काहनेमन यांनी जमिनीवर खडूने लक्ष्य काढले आणि प्रत्येकाला पाठमोरे उभे राहून दोन नाणी टाकायला लावली. पहिले नाणे ज्यांचे जवळ पडले त्यांचे दुसरे बहुतेक लांब गेले आणि लांब पडलेल्यांचे जवळ आले. काहनेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माझी फाशांची युक्ती त्यांच्या नाण्यांवरूनच घेतलेली आहे.

पस्तीस वर्षे एखादा गुरुजी खालच्या मुलाला रागावतो आणि पुढच्या वेळी ते मूल सुधारलेले पाहतो. वरच्याला शाबासकी देतो आणि ते घसरलेले पाहतो. आकडे खोटे नाहीत, गुरुजीही खोटे नाहीत. रागावणे लागू पडते आणि कौतुक पोरांना बिघडवते, हे त्यांना त्यांचा स्वतःचा अनुभव रोज शिकवत असतो. कितीतरी मुलांच्या वाट्याला शाबासकी कमी आली आणि छडी जास्त आली, त्याच्या मागे हा मोजण्यातला चकवा असावा असे मला मनापासून वाटते. संशोधन पद्धती हे प्रकरण अभ्यासक्रमात कशासाठी आहे, असे कोणी विचारले तर मी हेच सांगतो.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली या अमेरिकन संशोधकांनी १९६३ साली अशा चकव्यांची यादीच केली. मधल्या काळात घडलेल्या घटना, मुलांचे आपोआप वाढणे, परीक्षेची सवय होणे, मोजपट्टी बदलणे, टोकाच्यांची निवड, काही जण मधेच गळणे. आमच्या फाईलमध्ये यांतले जवळपास सगळे सापडले. दुसऱ्या चाचणीत अपूर्णांक नव्हते, भूमिती होती. प्रश्नपत्रिका सोपी होती का, हे सांगायला काही मार्गच उरला नव्हता.

हे सगळे गुरुजींना सांगायचे कोणी? शनिवारी दुपारी आम्ही दोघे एस.टी.ने गावी गेलो. गुरुजी शाळा सुटल्यावर आल्याच्या वावरात होते. बांधावरच बसलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मग थोडे दुखावल्यासारखे म्हणाले, “म्हणजे सर, मी सहा आठवडे केलं ते वायाच?”

“तसं नाही म्हणत मी. वाया गेलं की लागू पडलं, हे या आकड्यांवरून कळत नाही एवढंच.”

मग मी त्यांच्याच वावराची गोष्ट काढली. आल्याचे नवीन बेणे काळ्या, निचऱ्याच्या जमिनीत लावले आणि जुने मुरमाड तुकड्यात, तर जास्त गाड्या कोणत्या बेण्याने दिल्या हे कळेल का? गुरुजी हसले. “ते कसं कळायचं? वाफे आलटून पालटून लावायला लागतील.” संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून हेच करत होते. त्यांनी त्यात एक पायरी वाढवली: आलटून पालटूनही आपण ठरवायचे नाही, कारण चांगला वाफा कळत नकळत लाडक्या बेण्याला जातो; वाफ्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करायची. मानसशास्त्रातली यादृच्छिक विभागणी ती हीच. आपल्या जिल्ह्यात पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर वाण तपासताना हाच नियम पाळतात. वावरातून निघताना गुरुजींनीच विचारले, “मग पोरांचे वाफे कसे पाडायचे?”

जूनमध्ये नव्याने सुरुवात झाली. विद्यार्थिनी आता तिसऱ्या वर्षाला होती. सहावी आणि सातवीच्या पहिल्या चाचणीतली तळाची बारा-बारा, अशी २४ मुले घेतली. प्रत्येक इयत्तेत वेगळ्या चिठ्ठ्या टाकून सहा एका गटात, सहा दुसऱ्या गटात. दोन्ही गट तळाचेच, त्यामुळे सरासरीकडे परतायचे असेल ते दोघेही सारखेच परततील. योगायोगाने पडेल त्याहून मोठा फरक उरला, तर तो वर्गाचा.

गुरुजींचा आक्षेप मला आवडला: “निम्म्या पोरांना बाहेर ठेवायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.” दुसऱ्या गटाला तोच वर्ग दिवाळीनंतर द्यायचा, असा तोडगा निघाला. तोपर्यंत त्या मुलांनी त्याच वेळी शेजारच्या खोलीत शिक्षिकेसोबत गोष्टींची पुस्तके वाचायची. हे मुद्दाम होते. आपल्याला वेगळे काढले, कोणीतरी रोज वीस मिनिटे आपल्याकडे लक्ष देते, यानेच मूल उभारी धरू शकते; ती उभारी दोन्ही खोल्यांत सारखी हवी. रॉबर्ट रोझेन्थल आणि लिनोर जेकबसन यांचा १९६८ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे: काही मुले चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडली आणि ही पुढे चमकणार असे शिक्षकांना सांगितले, लहान इयत्तांत त्या मुलांचे बुद्धिमापनातले गुण इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. त्या अभ्यासावर पुढे बरीच टीका झाली, तरी एक खबरदारी त्यातून घ्यावीच लागते. म्हणून उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक घातले आणि त्या दुसऱ्या शाळेतल्या गुरुजींकडून तपासून घेतल्या. कोणता क्रमांक कोणत्या खोलीतला, हे त्यांना माहीत नव्हते.

एक अडचण आणखी होती. मागच्या फाईलमध्ये एकाग्रता हा शब्द पानोपानी होता, पण मोजले होते गणिताचे गुण. एकाग्रता वाढली की नाही, हे कोणी पाहिलेच नव्हते. विद्यार्थिनीने एक पान बनवले. ओळीच्या ओळी ‘घ’ आणि ‘ध’, एकमेकांत मिसळलेले, मोठ्या टायपात. दोन मिनिटांत जितके ‘ध’ दिसतील तितके खोडायचे. सुटलेले आणि चुकून खोडलेले मोजायचे. मुले पानावर नाक टेकवून बसायची. एका मुलाने डाव्या हाताचे बोट ओळीखाली सरकवत नेले, जसे आजोबा पोथी वाचताना नेतात, आणि एकही ‘ध’ सोडला नाही. व्याख्या अशी हाताला लागेल इतकी ठोस करायची असते, हे तिला या पानाने शिकवले. माझ्या व्याख्यानातून ते तिच्यापर्यंत पोचले नव्हते.

पालकांची संमती घ्यायला ती घरोघर फिरली. कागद प्रमाण भाषेत लिहिलेला. तो ती वाचून दाखवायची आणि मग गावच्या बोलीत पुन्हा सांगायची. मुलांनाही विचारले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पालकांच्या सहीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही मागतात. सहावीतला एक जण म्हणाला, “मला नाही बसायचं.” गुरुजी त्याला समजावणार होते. विद्यार्थिनीने त्यांना हळूच थांबवले, “गुरुजी, त्याला नको म्हणायला मोकळीक पाहिजे. नाहीतर विचारायचं कशाला?” त्याच्या जागी यादीतला पुढचा मुलगा आला. चिठ्ठ्या त्यानंतर टाकल्या.

मधे दोघे जण गळले. एक मुलगी मामाकडे शिकायला गेली, एका मुलाची शाळा बदलली. ती एका गटातली एक आणि दुसऱ्यातला एक होता, आणि वर्गाला कंटाळून कोणी गेले नव्हते, एवढी खात्री करून घेतली. उरले ११ आणि ११.

निकाल असा: एकाग्रतेच्या खोलीतल्या मुलांचे गुण सरासरी अडीचने वाढले. वाचनाच्या खोलीतल्यांचे दोनने. ‘घ-ध’च्या पानावर दोन्ही गट सुधारले, कारण तेच पान दुसऱ्यांदा सोडवताना सराव झालेला असतो.

दुसरी खोली नसती, तर ‘अडीच गुणांनी वाढ’ हाच मथळा झाला असता. उरला अर्ध्या गुणाचा फरक. तो वर्गामुळे, की चिठ्ठ्या तशा पडल्या म्हणून? यासाठी तिने सूत्राआधी हाताने करून पाहिले. २२ मुलांच्या गुणवाढीचे आकडे २२ कपट्यांवर लिहिले, डब्यात घालून हलवले, अकरा-अकरा काढले, सरासरींतला फरक लिहिला. असे शंभर वेळा. वसतिगृहातल्या मैत्रिणी आळीपाळीने कपटे काढत होत्या, दोन संध्याकाळी गेल्या. शंभरपैकी ३२ वेळा नुसत्या कपट्यांनीच अर्धा गुण किंवा त्याहून जास्त फरक त्याच बाजूला दाखवला. कपट्यांना एकाग्रता शिकवलेली नव्हती. एवढ्या सहज पडणाऱ्या फरकावर निष्कर्ष उभा करता येत नाही.

याचा अर्थ वर्ग निरुपयोगी ठरला, असाही नाही. ११ आणि ११ मुलांत फार मोठा फरकच ठळक दिसला असता. लहानसा खरा फायदा असेल तर तो एवढ्या संख्येत दडून राहतो. तिने प्रकल्पात हेच लिहिले. तोंडी परीक्षेत तिला विचारले गेले, की मग सिद्ध काय केले? ती म्हणाली, “तळाच्या मुलांचे गुण वर्गाशिवायही वाढतात, हे पाहिलं. वर्गाने त्यात किती भर पडते ते सांगायला आणखी मुलं लागतील.”

गुरुजींनी समितीकडच्या अर्जातले ‘या वर्गामुळे गणितातील गुण वाढतात’ हे वाक्य काढले. वर्ग बंद केला नाही. दिवाळीनंतर वाचनाचा गट ठरल्याप्रमाणे समईसमोर बसला, आणि पहिल्या गटातली मुले आम्हाला गोष्टींची पुस्तके कधी म्हणून मागे लागली. अर्जात सतरंज्यांखाली पुस्तकांची ओळ वाढली.

जानेवारीत आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला गुरुजींनी विद्यार्थिनीकडून फासे मागवून घेतले. तीसेक शिक्षक होते. कमी दान पडलेल्यांना त्यांनी उभे केले आणि वर्गात रागावतात तसे खरोखर रागावले. मग पुन्हा टाकायला लावले. आठ जण उभे होते, सहांचे दान वाढले. गुरुजींनी यावर एक शब्दही काढला नाही, आपले दोन्ही चाचण्यांचे तक्ते फळ्यावर लावले आणि बसले. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दाराजवळच्या एका बाईंनी विचारले, “माझ्याकडे चौथीच्या दोन्ही चाचण्यांच्या याद्या आहेत. वरच्यांच्यासुद्धा. सोमवारी घेऊन येऊ का?”